लहान अनुदान आणि समदुःखींचे आधारगट : मंचर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

मानसिक आजाराशी झगडणाऱ्या व्यक्ती आणि त्यांचे कुटुंबीय एकत्र येऊन एकमेकांना आधार देतात, त्या गटांना प्रस्तुत लेखात ‘आधारगट’ म्हटले आहे. अशा गटांना लागणारा पैसा फार थोडा असतो. परंतु तो वेळेवर, अटींचे ओझे न लादता आणि सलग काही वर्षे मिळावा लागतो. प्रचलित अनुदानव्यवस्था मोठ्या व नोंदणीकृत संस्थांच्या मापाने बेतलेली असल्यामुळे नेमके हेच घडत नाही. महाराष्ट्रातील व अन्यत्रचे अनुभव तपासून, मंचर व आंबेगाव-जुन्नर परिसरात लहान अनुदान कोणत्या मार्गाने आणि कोणत्या मर्यादेत उपयोगी ठरेल, याचे विवेचन येथे केले आहे.

बीजशब्द : आधारगट, समदुःखी, लहान अनुदान, अबंधित निधी, सामुदायिक मानसिक आरोग्य, मंचर.

१. प्रस्तावना

पुणे-नाशिक महामार्गावरील मंचर ही आंबेगाव तालुक्याची प्रमुख बाजारपेठ. तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव असले तरी लोकांचा रोजचा व्यवहार मंचरशी असतो. तालुक्याच्या पूर्वेस डिंभे धरणाच्या पाण्यावर पोसलेली कांदा, बटाटा आणि उसाची बागायत आहे, तर पश्चिमेस भीमाशंकरच्या डोंगररांगेत भात, नाचणी व हिरडा यांवर जगणाऱ्या महादेव कोळी समाजाच्या वाड्या आहेत. दोन्ही भागांतील माणसे बाजार समितीत, एसटी स्थानकावर आणि उपजिल्हा रुग्णालयात एकमेकांना भेटतात. त्यांच्या चिंता मात्र वेगळ्या असतात. बागायतदाराला पडलेला भाव आणि थकलेले कर्ज छळते. डोंगरातल्या कुटुंबाला स्थलांतर, विस्थापन आणि पावसाळ्यातील दरडींची भीती.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ जणांचा मृत्यू झाला. वाचलेल्यांमध्ये त्या वेळी गावाबाहेर असलेले अनेक होते. पुढे आमडे येथे पुनर्वसन झाले आणि २०१७ साली नव्या घरांचे हस्तांतरण झाले. घर, जमीन, जनावरे यांचा पंचनामा होऊ शकतो आणि भरपाईही ठरवता येते. आपण वाचलो व आपली माणसे गेली, या जाणिवेचा पंचनामा मात्र कोणत्याच नमुन्यात बसत नाही. आपत्तीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत समुपदेशक येतात. दुःख मात्र पुढच्या प्रत्येक श्रावणात परत येते. त्या वेळी जवळ असतो तो शेजारी, आणि बहुधा तोही त्याच दुःखातून गेलेला असतो.

हे केवळ माळीणपुरते खरे नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढ लोकसंख्येपैकी १०.६ टक्के व्यक्ती त्या काळात कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त होत्या, आणि विकारानुरूप ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या नजीकच्या काळात या गरजेला पुरी पडेल, अशी शक्यता नाही. म्हणूनच तज्ज्ञसेवेला पूरक अशा लोकाधारित व्यवस्थेचा विचार अपरिहार्य ठरतो.

२. आधारगट : संकल्पना आणि कार्यपद्धती

आधारगट म्हणजे समान अनुभवातून जाणाऱ्या व्यक्तींचा नियमित भेटणारा छोटा समूह होय. साधारणतः दहा-पंधरा जण ठरावीक दिवशी, ठरावीक जागी दीड-दोन तास बसतात. प्रत्येकाला बोलण्याची मुभा असते, सक्ती नसते. येथे ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही आणि कोणाची औषधे बदलायला किंवा थांबवायला सांगायचे नाही, हे तीन नियम बहुतेक ठिकाणी आढळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘क्वालिटीराइट्स’ प्रशिक्षण साहित्यात अशा गटांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका आहे, आणि गट चालवण्याचा अधिकार अनुभव घेतलेल्या व्यक्तींकडेच असावा, हे तत्त्व तिने मानले आहे.

समुपदेशन आणि आधारगट यांत मूलभूत भेद आहे. समुपदेशनात एक जण मदत देतो व दुसरा ती घेतो. आधारगटात आज ऐकणारा उद्या बोलतो. ज्या बाईला महिनोन्महिने झोप लागत नव्हती, तिने दुसरीला ‘हे मलाही झालं होतं’ असे सांगितले की ऐकणारीला धीर येतो. सांगणारीलाही आपला त्रास कुणाच्या तरी उपयोगी पडला असे वाटते. ग्रामीण भागात मनाचा त्रास बहुधा देहाच्या भाषेत व्यक्त होतो. जीव घाबरतो, डोके जड होते, अंगात त्राण राहत नाही, अशा तक्रारी घेऊन माणसे आधी देवऋषीकडे व मग दवाखान्यात जातात. पुणे जिल्ह्यात ‘येरवड्याला पाठवणे’ हा शब्दप्रयोगच हेटाळणीचा झाला आहे. मुलीचे लग्न मोडेल या धास्तीने आजार दडवणाऱ्या कुटुंबाला प्रथम हवा असतो तो आपल्यासारख्या दुसऱ्या कुटुंबाचा परिचय.

श्रमाच्या बाबतीत ही परस्परता या परिसराला नवी नाही. डोंगरउतारावर भातखाचरे घडवण्यासाठी एकमेकांच्या शेतावर श्रम करण्याची ‘पडकई’ ही आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यातील जुनी रीत. मंचर येथून काम करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेने डिंभे धरणाच्या विस्थापितांसह ही रीत टिकवण्याचा आणि जलाशयात मासेमारीची सहकारी व्यवस्था उभारण्याचा प्रयत्न केला. २०१२ साली तिला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. लोकांकडे आधीच असलेल्या परस्परसाहाय्याला थोडे बाहेरचे बळ मिळाले की ते टिकते, हा या अनुभवाचा अर्थ. मानसिक आधाराच्या बाबतीत हाच विचार लागू करता येईल.

३. महाराष्ट्रातील व अन्यत्रचे अनुभव

पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले. गर्दच्या व्यसनावरील डॉ. अनिल अवचट यांच्या लेखांनी अस्वस्थ झालेल्या पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारातच केंद्र उभे राहिले. जे नाव हेटाळणीचे झाले होते, त्याच आवारात व्यसनमुक्त झालेली माणसे नव्या रुग्णांना सावरू लागली. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट झाला. व्यसनी माणसाच्या घरातील स्त्रीचे दुःख तोवर स्वतंत्रपणे ऐकलेच जात नव्हते.

दुसरे उदाहरण स्किझोफ्रेनियाचे. कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे अध्यापन करणारे, मूळचे धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घरातील आजाराच्या अनुभवातून १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची स्थापना केली. रुग्ण व शुभंकर, म्हणजे काळजी घेणारे आप्त, यांचे स्वमदत गट हा तिच्या कामाचा गाभा राहिला. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने हा आजार मराठी घराघरांत चर्चेत आणला.

खेड्यांतील प्रयोगांत दोन विशेष उल्लेखनीय आहेत. विदर्भातील ‘विश्राम’ कार्यक्रमात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावातीलच कार्यकर्त्यांनी नैराश्याविषयी संवाद साधला व प्रथमोपचार स्वरूपाची मानसिक मदत दिली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार, नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ हा प्रकल्प राबवला. गावातील विश्वासू व्यक्तींना हेरून त्यांना ऐकण्याचे व साध्या समुपदेशनाचे प्रशिक्षण देण्यात आले. कॅनडातील ‘ग्रँड चॅलेंजेस’ या संस्थेच्या बीजअनुदानावर सुरू झालेला हा प्रयोग पुढे गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात विस्तारला. एका विधी महाविद्यालयाच्या छत्राखाली हे काम उभे राहिले, ही बाब अध्यापकवर्गाने विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

अन्यत्रचे दोन अनुभव याला पूरक आहेत. झारखंड व ओडिशातील आदिवासी भागांत ‘एकजुट’ संस्थेने २००५ ते २००८ या काळात महिलांच्या मासिक बैठका घेतल्या. विषय होता माता व नवजात बालकांचे आरोग्य. तिसऱ्या वर्षी त्या गावांतील मातांमधील मध्यम स्वरूपाचे नैराश्य तुलनेच्या गावांपेक्षा ५७ टक्क्यांनी कमी आढळले. मनाच्या आजाराचे नावही न घेता केवळ एकत्र बसून प्रश्न सोडवण्याने हे घडले असावे, असा त्याचा अर्थ लावला जातो. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली सुरू केलेल्या ‘मैत्रीच्या बाकावर’ प्रशिक्षित आजीबाई बसतात. त्यांच्याशी बोलून झाल्यावर रुग्णाला समदुःखींच्या मंडळात बोलावले जाते आणि तेथे स्त्रिया गप्पा मारता मारता टाकाऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या विणतात. हाताला काम असले की तोंडाला बोलणे सोपे जाते, हे आपल्याकडे पापड लाटणाऱ्या बायकांना वेगळे सांगावे लागत नाही.

४. लहान अनुदानाचे प्रयोजन

आधारगटाला इमारत लागत नाही, पगारी कर्मचारीही लागत नाहीत. मग पैसा कशासाठी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पंधरा जणांचा गट महिन्यातून दोनदा मंचर येथे भेटतो, असे गृहीत धरून वार्षिक खर्चाचा एक अंदाज उदाहरणादाखल मांडता येईल. चहा व बिस्किटे प्रत्येकी १५ रुपयांप्रमाणे २४ बैठकांसाठी ५,४०० रुपये. दूरच्या पाच सभासदांचा प्रवासखर्च प्रत्येकी ८० रुपयांप्रमाणे ९,६०० रुपये. संपर्काच्या फोनसाठी महिना २५० रुपयांप्रमाणे ३,००० रुपये. वह्या व छपाई २,००० रुपये. दोन सूत्रधारांचे प्रशिक्षण ५,००० रुपये. एकूण २५,००० रुपये.

या यादीतील सर्वांत मोठी बाब प्रवासाची आहे आणि ती योगायोगाने आलेली नाही. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे भाडे आहे. परंतु पश्चिमेकडील वाडीतून एसटीच्या थांब्यापर्यंत येण्यासाठी जीप किंवा पायपीट हाच पर्याय असतो, आणि बाहेर पडलेल्या दिवसाची मजुरीही बुडते. ज्या बाईला घरात स्वतःच्या भाड्यासाठी पैसे मागावे लागतात, तिला ‘कशाला जातेस’ या प्रश्नाचे उत्तरही द्यावे लागते. ८० रुपये हातात असणे म्हणजे तिच्यापुरते न सांगता येण्याचे स्वातंत्र्य होय. लहान अनुदानाचे खरे मोल अशा ठिकाणी दिसते.

रक्कम लहान ठेवण्यामागेही विचार आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या चळवळीसाठी १९३८ मध्ये जॉन डी. रॉकफेलर (कनिष्ठ) यांच्याकडे ५०,००० डॉलरची शिफारस गेली होती. त्यांनी ५,००० डॉलरच दिले. मोठ्या पैशाने हे काम बिघडेल, अशी त्यांची धारणा होती. पुढे या चळवळीने बाहेरची देणगी न स्वीकारण्याचे तत्त्वच अंगीकारले आणि ती जगभर पसरली. मोठी रक्कम आली की हिशेबनीस लागतो, मग समन्वयक, मग कार्यालय. आणि समदुःखींच्या वर्तुळात एक जण पगारी होताच उरलेले लाभार्थी होतात.

मात्र हे उदाहरण जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. टोपी फिरवून खर्च भागवणे नोकरदार सभासदांना जमते. ज्याच्या आजारामुळे रोजगारच गेला आहे, त्याला वर्गणी देणे परवडत नाही. म्हणून शून्य अनुदान आणि मोठे अनुदान या दोन टोकांच्या मध्ये लहान, परंतु सलग अनुदानाची जागा आहे. त्यातही ‘सलग’ या शब्दावर भर द्यावा लागेल. एका वर्षाचे अनुदान संपले की गट मोडतो आणि एकदा मन मोकळे केलेला माणूस पुन्हा एकटा पडतो. विश्वास टाकून फसलेला हा माणूस दुसऱ्या गटाकडे सहसा वळत नाही. दरवर्षी २५,००० रुपये याप्रमाणे चार वर्षे देणे हे एका वर्षात एक लाख देण्यापेक्षा अधिक हिताचे ठरते.

५. निधीचे मार्ग आणि अडथळे

व्यवहारात लहान रक्कम देणे हे मोठी रक्कम देण्यापेक्षा कठीण झाले आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ अन्वये पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावयाची असते आणि आरोग्य हा त्यातील मान्य विषय आहे. तथापि, काम करणाऱ्या संस्थेस सामान्यतः तीन वर्षांचा कार्यानुभव, प्राप्तिकराच्या सवलतींची नोंदणी आणि २०२१ पासून केंद्र शासनाकडील स्वतंत्र नोंदणी क्रमांक आवश्यक असतो. पंधरा जणांच्या गटाला हे शक्य नाही. परदेशी देणगीचा मार्ग त्याहून अरुंद झाला आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर, परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही. मोठ्या संस्थेने निधी मिळवून छोट्या गटांना वाटण्याची जुनी पद्धत त्यामुळे बंद पडली.

नोंदणी करून घ्यावी, असा सल्ला सहज दिला जातो. संस्था नोंदणी कायद्यासाठी किमान सात सभासदांची नावे व पत्ते द्यावे लागतात. ज्या गटाचा पाया गोपनीयता आहे, त्याने मनोरुग्ण म्हणून आपल्या सभासदांची यादी सरकारदरबारी ठेवावी, अशी ही अपेक्षा आहे. तिच्यातील विसंगती उघड आहे.

तरीही गावपातळीवर दोन आधीचे प्रघात मार्गदर्शक ठरतात. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीस वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतचा ‘अबंधित निधी’ देण्याची तरतूद करण्यात आली. अबंधित म्हणजे गावाने आपल्या गरजेनुसार खर्च करावयाचा. दुसरा प्रघात बचत गटांचा. ‘उमेद’ अभियानात गटांना फिरता निधी मिळतो आणि ग्रामसंघांना आजारपण व आपत्तीसारख्या अडचणींसाठी जोखीम प्रवणता निधी मिळतो. मनाचे आजारपण हेही आजारपणच आहे, असा ठराव ग्रामसंघाने केला तर डोंगरातील बाईचा मंचरपर्यंतचा प्रवासखर्च त्यातून भागू शकेल. नवी योजना येईपर्यंत वाट पाहण्यापेक्षा हे अधिक शक्य कोटीतील आहे.

६. महाविद्यालयाची भूमिका

मंचर परिसरातील महाविद्यालये या व्यवस्थेत तीन गोष्टी देऊ शकतात. पहिली, जागा. रुग्णालयाच्या आवारात शिरणारी व्यक्ती ओळखीच्यांच्या नजरेत भरते. महाविद्यालयात कोण कशासाठी आले हे कोणी विचारत नाही. दुपारनंतर रिकामी होणारी एखादी वर्गखोली पुरेशी आहे. दुसरी, आर्थिक पालकत्व. नोंदणीकृत शिक्षणसंस्था माजी विद्यार्थी, पतसंस्था व स्थानिक व्यापारी यांच्या देणग्या स्वीकारून गटाच्या खर्चाची पावती आपल्या हिशेबात ठेवू शकते. गटाला फक्त खर्चाचे पान द्यावे लागेल, सभासदांची नावे नव्हेत. तिसरी, मनुष्यबळ. मानसशास्त्र व समाजकार्याचे अध्यापक सूत्रधारांना प्रशिक्षण देऊ शकतील आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक गावात माहिती पोहोचवू शकतील. मात्र बैठकीत विद्यार्थी निरीक्षक म्हणून बसवू नयेत. गट हा प्रकल्प अहवालाचा विषय झाला की तो गट राहत नाही.

अध्यापकांचा या विषयाशी संबंध केवळ दात्याचा नाही. वर्गात अचानक येईनासा झालेला विद्यार्थी, वडिलांच्या दारूमुळे शिक्षण सोडणारी मुलगी आणि स्वतःचे नैराश्य लपवून तास घेणारा सहकारी हे सर्व महाविद्यालयाच्या भिंतींच्या आतच असतात.

७. मर्यादा आणि दक्षता

आधारगट हा उपचारांना पर्याय नाही. आत्महत्येचा विचार, भास-भ्रम किंवा हिंसा यांची चिन्हे दिसताच व्यक्तीस तज्ज्ञाकडे पोहोचवणे हे सूत्रधाराचे पहिले कर्तव्य होय. त्यासाठी उपजिल्हा रुग्णालय व जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांच्याशी संपर्क आधीच प्रस्थापित असावा, आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक सभासदाला पाठ असावा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने उपचार मिळण्याचा व समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्काची माहिती देणे हेही गटाचे काम ठरते.

दुसरी दक्षता गावकीची आहे. लहान गावात जात, भावकी व राजकारण यांपासून कोणताही समूह मुक्त नसतो. गट एका गावाचा न करता मंचरसारख्या मध्यवर्ती ठिकाणी अनेक गावांचा केल्यास गोपनीयता अधिक टिकते. प्रवासखर्चाची गरज याही कारणाने उद्भवते. तिसरी दक्षता मूल्यमापनाची. किती ‘लाभार्थी’ झाले, हे विचारणे येथे गैरलागू आहे. किती बैठका ठरल्या वेळी झाल्या, सहा महिन्यांपूर्वी आलेल्यांपैकी किती जण अजून येतात, आणि किती जणांना औषधोपचारांपर्यंत सोबत मिळाली, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. त्यांची उत्तरे नावे न लिहिता एका वहीत ठेवता येतात.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, आधारगटांच्या बाबतीत रक्कम लहान असणे ही उणीव नसून कामाच्या स्वरूपातूनच आलेली अट आहे. त्या रकमेला सातत्य, अबंधितता व गोपनीयता यांची जोड मात्र हवी. आजची कायदेशीर व प्रशासकीय चौकट नेमक्या या तीन गोष्टींना अडसर ठरते. म्हणून ग्रामसंघ, आरोग्य समिती आणि महाविद्यालय यांसारख्या जवळच्या संस्थांनी मधला दुवा होणे आवश्यक आहे. पडकईत खाचराचा मालक एक असतो आणि बांधाला हात लावणारे अनेक असतात. पुढच्या दिवशी तोच मालक दुसऱ्याच्या बांधावर असतो. मनाच्या ढासळलेल्या बांधालाही तसेच हात लागतात. त्या हातांना मंचरपर्यंत यायला भाडे मिळावे, एवढीच या अनुदानाकडून अपेक्षा आहे.